फोटोवरचा धावदोरा : पाण्याखालचं गाव मुलांनी कसं शोधलं

उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरायला लागलं की आमच्या भागात एक वाक्य हमखास कानावर येतं : "यंदा देऊळ दिसतंय बरं का!" हे देऊळ म्हणजे पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर. एरवी ते धरणाच्या पाण्यात असतं. पाणी ओसरत गेलं की आधी शिखर दिसतं आणि दुष्काळाच्या वर्षी सगळं देऊळच उघडं पडतं. मग लोक होड्या करून जातात, फोटो काढतात. पाऊस पडतो, पाणी चढतं आणि विषय संपतो.

भीमा नदीवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. या पाण्याखाली अनेक गावं गेली आणि वरच्या अंगाला नव्यानं वसली. अशाच एका उठून आलेल्या गावात माझी शाळा आहे.

दोन वर्षांपूर्वी सातवीला 'माझे गाव' हा निबंध दिला होता. पोरांनी नेहमीप्रमाणे ग्रामपंचायत, पाण्याची टाकी, ऊस, साखर कारखाना असं सगळं लिहिलं. एकाने मात्र लिहिलं होतं, "आमच्या गावाला इतिहास नाही, कारण आमचे गाव नवीन आहे." व्याकरण बरोबर, अक्षर चांगलं, लाल पेनाने खूण करावी असं काहीच नाही. पण मला ते वाक्य काही सोडेना. ज्या मुलाचे आजोबा पाचशे-हजार वर्षांच्या देवळाच्या सावलीत वाढले असतील, त्याला वाटतंय की आपल्याला इतिहासच नाही!

तिथून एक उपक्रम सुरू झाला. फोटो काढायचे आणि त्या फोटोंवर सुईदोऱ्याने जुनं गाव भरायचं. तो आम्ही कसा केला, काय चुकलं आणि काय हाती लागलं ते इथे सविस्तर सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमच्या गावात करून बघता येईल.

फोटोवर भरतकाम? हे काय नवीन?

पहिल्यांदा ऐकल्यावर मलाही विचित्र वाटलं होतं. फोटो म्हणजे जपून ठेवायची वस्तू, त्याला भोकं कशी पाडायची? पण जगात काही कलाकार हे काम फार विचारपूर्वक करतात. तीन उदाहरणं सांगतो. वर्गातही हीच सांगितली होती.

पहिलं बर्लिनचं. डायान मेयर या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी बर्लिनची भिंत जिथून जात होती, त्या सुमारे १६० किलोमीटरच्या मार्गावर फिरून फोटो काढले. भिंत १९८९ मध्ये पडली, त्यामुळे आज तिथे कुठे रस्ता आहे, कुठे झाडी, कुठे घरं. त्यांनी फोटोत नेमक्या भिंतीच्या जागी टाके घातले. जे आज डोळ्यांना दिसत नाही, ते दोऱ्याने दाखवलं.

दुसरं आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टचं. तिथल्या ग्रां-बासाम या किनाऱ्यावरच्या गावात मार्च २०१६ मध्ये दहशतवादी हल्ला झाला. काही आठवड्यांनी जोआना शुमाली तिथे गेल्या, मोबाईलवर रस्त्यांचे आणि माणसांचे फोटो काढले, ते कापडावर छापून त्यावर रंगीत दोऱ्याने भरत बसल्या. या कामाला २०१९ चा 'प्री पिक्टे' हा छायाचित्रणातला मोठा पुरस्कार मिळाला.

तिसरं आपल्याच देशातलं. स्पंदिता मलिक या कलाकार भारतात ठिकठिकाणच्या भरतकाम करणाऱ्या बायकांचे फोटो काढतात, ते कापडावर छापतात आणि ज्या बाईचा फोटो, तिलाच भरायला देतात. आपल्या फोटोत काय दाखवायचं आणि काय झाकायचं हे त्या बाया ठरवतात.

आणि हे आपल्याकडे तरी अगदीच नवीन कुठे आहे? राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली छापील लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं घरोघरी पोहोचली आणि बायकांनी त्यावर जर, टिकल्या आणि कापड लावून देवीला खरी साडी नेसवली. अशी चित्रं जुन्या घरांतून अजूनही बघायला मिळतात. छापील चित्रावर सुई चालवायची कल्पना आपल्या आज्या-पणज्यांना होतीच.

इरकलीवरचं गोपुर

आता टाका कुठला शिकवायचा? मला स्वतःला शर्टाचं बटण लावण्यापलीकडे काही येत नव्हतं. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना विचारलं, तर त्या हसल्याच. "सर, तुमी भरणार व्हय?" पण दुसऱ्या दिवशी येताना त्यांच्या सासूबाईंचं कशिद्याचं जुनं इरकल घेऊन आल्या.

कशिदा म्हणजे कसुती. मूळची कर्नाटकातल्या धारवाडकडची, पण इरकल लुगड्यांवरून आपल्या सोलापूर-सांगली-कोल्हापूरकडच्या घरांत आलेली. त्यावरचे नमुने नीट बघा : गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, अंबारीचा हत्ती, समई. भरणाऱ्या बाईने आपल्या आजूबाजूला जे पाहिलं ते लुगड्यावर उतरवलं. म्हणजे वारशाची नोंद दोऱ्याने ठेवायची रीत जुनीच आहे. फक्त आपण तिला 'नोंद' म्हणत नाही, 'नक्षी' म्हणतो.

कसुतीतला एक टाका आमच्या फार उपयोगी पडला. सुई आधी धावदोऱ्याने पुढे जाते : एक टाका वर, एक खाली. मध्ये रिकाम्या जागा राहतात. शेवटाला पोचल्यावर त्याच भोकांतून परत फिरायचं आणि रिकाम्या जागा भरत यायचं. रेष अखंड होते आणि कापड उलटं केलं तरी नक्षी तशीच दिसते. गाठ कुठेच मारायची नाही.

ताई हे करून दाखवत होत्या तेव्हा एका मुलीने विचारलं, "सर, परत आलंच नाही तर?" तर मग रेष तुटक राहील, मी म्हटलं. आणि तिथेच आमच्या सगळ्या उपक्रमाचा नियम सापडला.

नियम : एकाने सांगितलं तर तुटक, दोघांनी सांगितलं तर अखंड

सातवीच्या इतिहासात साधनांचा धडा आहे : भौतिक, लिखित आणि मौखिक. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात. पण 'मौखिक साधन तपासून घ्यावे लागते' म्हणजे नक्की काय करायचं, हे त्यांना करून बघायला मिळत नाही. आम्ही टाक्यांची भाषा ठरवली :

• फोटोत जे स्वच्छ दिसतंय त्यावर टाका घालायचा नाही. ते फोटोनेच सांगितलंय.
• एका माणसाने आठवणीतून सांगितलेली गोष्ट : फक्त धावदोरा, म्हणजे तुटक रेष.
• तीच गोष्ट दुसऱ्या माणसाने, पहिल्याचं न ऐकता, सांगितली : परतीचा टाका घालून रेष अखंड करायची.
• कागदोपत्री किंवा जुन्या फोटोत पुरावा मिळाला : त्या रेषेवर लाल दोऱ्याचा साखळी टाका.
• दोघांनी वेगवेगळं सांगितलं : दोन्ही ठिकाणी तुटक रेष, दोन वेगळ्या रंगांत.

एवढ्याशा नियमाने मुलांचं ऐकणं बदललं. आधी ती आजीकडे 'गोष्ट ऐकायला' जात होती, आता 'परतीचा टाका शोधायला' जायला लागली.

फोटो कसले काढले?

भिगवणला हिवाळ्यात फ्लेमिंगोंचे फोटो काढायला लांबलांबून मोठाल्या कॅमेऱ्यांची माणसं येतात. त्याच पाण्याकडे आमच्या पोरांनी वेगळ्या नजरेने बघावं असं मला वाटत होतं. शाळेत दोन जुने मोबाईल होते, तेवढे पुरले. तीन प्रकारचे फोटो घेतले.

एक, काठावरून पाण्याचे. जिथे गाव होतं असं म्हातारी माणसं बोट दाखवतात, त्या दिशेचे. फोटोत नुसतं पाणी, आभाळ आणि लांबवर बाभळी. असा 'रिकामा' फोटो भरायला सगळ्यात चांगला. पण पाण्याजवळ मुलांना सोडायचं नाही. पालक बरोबर घ्यायचे आणि फोटो उंच, कोरड्या जागेवरूनच काढायचे. गाळ वरून वाळलेला दिसतो, पण पाय आत जातो.

दोन, जुन्या गावातून उचलून आणलेल्या वस्तूंचे. याची यादी मुलांनी केली तेव्हा मी थक्क झालो. जाती, उखळं, पाटे तर होतेच. पण गाव उठताना कितीतरी लोकांनी घराची दारंसुद्धा चौकटीसकट आणली होती. सिमेंटच्या घराला सागवानी चौकट, त्यावर कोरलेला गणपती. रोज त्यातून ये-जा करणाऱ्या पोराला ती जुन्या गावची आहे हे माहीत नव्हतं.

तीन, जुन्या फोटोंचे फोटो. हे फार थोडे मिळाले, कारण तेव्हा कॅमेरा कुणाकडे होता? एका घरात लग्नातला एक काळा-पांढरा फोटो निघाला. नवरा-नवरी मधोमध आणि नवरदेवाच्या फेट्यामागे, अगदी कोपऱ्यात, दगडी कमानीचा तुकडा. तीच गावची वेस! गावात वेशीचा तेवढाच पुरावा. मूळ फोटोला हात लावायचा नाही, ही पहिली अट. मोबाईलवर उजेडात सरळ धरून त्याचा फोटो घ्यायचा आणि मूळ प्रत त्याच दिवशी घरी परत.

माणसांचे चेहरे येणार असतील तर आधी विचारायचं. नको म्हणाले तर हातांचा फोटो घ्यायचा.

साहित्य आणि हातातली युक्ती

आम्ही दोन्ही केलं, कागदावरही आणि कापडावरही. पहिल्यांदा करणाऱ्यांनी कागदच घ्यावा.

कागद : साधा झेरॉक्सचा कागद चालत नाही, फाटतो. जाड मॅट कागदावर ए-फोर आकारात छापून घ्या. आम्ही पहिली खेप शाळेच्या शाईच्या प्रिंटरवर काढली आणि पोरांच्या घामेजल्या बोटांनी यशवंतसागर अक्षरशः वाहून गेला! त्यानंतर फोटो स्टुडिओतूनच छापून आणले. छपाई काळी-पांढरी ठेवा, म्हणजे दोऱ्याचा रंग उठून दिसतो.

भोकं : सुईने थेट भरायला गेलं की कागद चुरगळतो. आधी पेन्सिलने पुसट रेष, मग फोटो जुन्या चपलेच्या तळव्यावर किंवा थर्माकोलवर ठेवून टाचणीने भोकं. दोन भोकांत साधारण अर्धा सेंटीमीटर अंतर हवं. जवळजवळ पाडली तर टपाल तिकिटासारखी पट्टी सुटून येते. इथे कसुतीचा दुहेरी टाका फार सोयीचा, कारण परतीचा दोरा त्याच भोकांतून येतो, नवी भोकं लागत नाहीत.

दोरा : भरतकामाच्या लडीत सहा पदर असतात. त्यातले दोनच घ्या. कागदामागे गाठ मारली तर ती भोकातून ओढली जाते, म्हणून दोऱ्याचं टोक मागे चिकटपट्टीने चिकटवा.

कापड : सुती मांजरपाट चांगला. टी-शर्टवर छपाई करणाऱ्याकडून इस्त्रीने उतरवायच्या कागदावरून फोटो घ्या. छापताना चित्र उलटं करून घ्यायला सांगा, नाहीतर सगळी अक्षरं आरशातल्यासारखी येतात. मगवर फोटो छापतात तो प्रकार सुती कापडावर धरत नाही.

सुया : तास सुरू होताना मोजून द्यायच्या, संपताना मोजून घ्यायच्या. यात सवलत नाही.

'शिवणकाम मुलींचं' हा प्रश्न येणार असं धरून मी तयारी केली होती. मी स्वतः पहिला बसलो, माझा टाका वाकडा आला, पोरं हसली आणि प्रश्न तिथेच मिटला. आमच्या वर्गात सगळ्यात सरळ धावदोरा एका मेंढपाळाच्या मुलाचा येतो. घरी लोकर आणि घोंगडी बघितलेला हात आहे तो.

पिंपळ कुठे होता?

लग्नाच्या फोटोवर काम करणाऱ्या गटाने तो मांजरपाटावर छोटा, मधोमध छापून घेतला. भोवती मोठा कोरा भाग सोडला. कल्पना अशी की फोटोची चौकट जिथे संपते तिथून दोऱ्याने पुढे जायचं. कमानीचा तुकडा होता, तिचा उरलेला अर्धा भाग आठवणीतून पुरा करायचा. वेशीतून आत काय, बाहेर काय, ते भरायचं.

गटातल्या मुलीच्या आजीने सांगितलं, "वेशीच्या आत डाव्या हाताला पिंपळ व्हता. त्याला पार. तिथं आमी पाण्याला जाताना हंडे टेकवायचो." मुलांनी हिरवा धावदोरा घातला. दुसऱ्या गल्लीतल्या आजीकडे गेले, तर त्या ठाम : "छ्या! पिंपळ वेशीच्या भाईर व्हता. आत कसा असंल? आत तर लोहाराचा भाता."

मुलं माझ्याकडे आली. "सर, खरं कोण बोलतंय?" माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं की सरपंचांना विचारू, ते सांगतील ते भरू. बरं झालं गप्प बसलो. मुलांनीच पुढचा प्रश्न काढला, की दोन्ही आज्या गावात कुठे राहायच्या? पहिली त्या गावात जन्मलेली, नदीकडच्या आळीतली. दुसरी लग्न होऊन आलेली, वेशीबाहेरच्या रस्त्याने गावात शिरलेली. एकजण घरातून वेशीकडे बघत होती, दुसरी रस्त्यावरून. मग एका मुलाने विचारलं, पिंपळ दोन असतील तर?

ते आम्हाला आजही माहीत नाही. कापडावर दोन पिंपळ आहेत, एक हिरवा, एक निळा, दोन्ही तुटक. लोहाराचा भाता मात्र तिसऱ्या घरीही निघाला, म्हणून त्याची रेष अखंड आहे. इतिहासकार जे करतात त्यातलं मुख्य काम या पोरांनी केलं. साक्षीदार कुठे उभा होता, हे त्यांनी विचारलं.

यातून विषय कसे जोडले?

पालक सभेत एका वडिलांनी सरळ विचारलं होतं, "गुरुजी, ह्याच्यात अभ्यास कुठंय?" प्रश्न रास्त आहे. आमचा हिशेब असा :

• इतिहास : साधनं, पुरावा, साक्षीदार.
• भूगोल : दिशा, नदीचा प्रवाह, जुन्या आणि नव्या गावाचा कच्चा नकाशा.
• गणित : भोकांची अंतरं, प्रमाण, कमानीची सममिती. अर्धी कमान फोटोत आहे तर उरलेली काढायला सममितीच लागते.
• मराठी : मुलाखतीचे प्रश्न, मग प्रत्येक कामाखाली पाच ओळींची चिठ्ठी. त्यात कोणी सांगितलं, कधी, आणि कुठला टाका का वापरला, हे लिहायचंच.

नवीन शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलंय. असे दिवस कसे वापरायचे हा प्रश्न असेल तर हे एक उत्तर आहे. आम्हाला आठवड्याला दोन तास धरून सहा आठवडे लागले.

मूल्यमापन करताना टाका किती सुबक यावर मी गुण दिले नाहीत. चिठ्ठीतला पुरावा आणि टाका जुळतो का, एवढंच बघितलं. एका मुलाने सुंदर अखंड देऊळ भरलं होतं, पण सांगणारा एकच होता. मग त्याला विचारलं, "परतीचा टाका कुणाचा?" त्याने स्वतःहून अर्धे टाके उसवले. ते उसवणं मला भरण्यापेक्षा मोलाचं वाटतं.

पालकांसाठी

शाळेची वाट बघू नका. घरातली एक जुनी वस्तू किंवा जुन्या घराचा एक फोटो घ्या, प्रत छापा आणि मुलाला आजी-आजोबांशेजारी बसवा. सुई हातात असली की गप्पा आपोआप होतात. समोरासमोर बसून "आजी, तुझ्या लहानपणीचं सांग" म्हटलं की आजी दोन वाक्यांत उरकते. शेजारी बसून दोरा ओवून देताना तीच आजी तासभर बोलते. गोधडी शिवताना बायका एवढं का बोलत असतील, ते मला यंदा कळलं.

शहरात असाल तरी अडत नाही. पाडलेला वाडा, बंद पडलेली गिरणी, बुजवलेली विहीर, रस्तारुंदीत गेलेलं झाड, जिथे काहीतरी होतं आणि आता नाही, अशी जागा प्रत्येक पेठेत आणि प्रत्येक चाळीत आहे. आजचा फोटो काढा, गेलेलं दोऱ्याने भरा.

एकच सांगणं : उशीर करू नका. ज्यांनी जुनं गाव कळत्या वयात बघितलं ती माणसं आता साठीच्या पुढे आहेत. पिंपळ वेशीच्या आत होता असं सांगणाऱ्या आजी गेल्या दिवाळीनंतर गेल्या. कापड शाळेच्या भिंतीवर आहे. त्यांचा हिरवा पिंपळ अजून तुटकच आहे. परतीचा टाका घालणारं कुणी भेटेल म्हणून पोरांनी सुई दोऱ्यासकट तिथेच टोचून ठेवली आहे.